ओल्ड नंबर वन: एक कोटी पौंडांची बेंटली आणि तिच्यातलं जुनं लोखंड

७ एप्रिल १९९० रोजी इंग्लंडमध्ये एका जुन्या बेंटलीचा सौदा ठरला. किंमत सुमारे एक कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण तीस कोटी रुपये. विकणारे होते हबर्ड. घेणारी होती मिडलब्रिज सिमिटार ही कंपनी. गाडी बेंटली स्पीड सिक्स, चासी नंबर एलबी २३३२, रजिस्ट्रेशन एमटी ३४६४. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. बेंटलीवाल्यांच्या जगात तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात.

सौदा ठरल्यावर घेणाऱ्यांनी हात वर केले. म्हणाले, ही ती गाडीच नाही. हबर्ड कोर्टात गेले आणि २७ जुलै १९९० रोजी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिलासुद्धा. सौद्यापासून निकालापर्यंत चार महिनेही नाहीत. आपल्याकडे एवढ्या वेळात पहिली तारीख मिळाली तरी वकिलाला पेढे द्यावेत.

हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे, कारण जुन्या गाड्यांच्या वादात सहसा जे असतं ते इथे काहीच नव्हतं. गाडी चोरीची नव्हती. दोन भावांच्या वाटणीत अडकलेली नव्हती. चासी नंबर घासून नवा पंच केलेला नव्हता. हबर्ड हेच मालक आहेत, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मालक नक्की होता, कागद होते, नंबर होता. प्रश्न एवढाच होता की हे सगळं ज्या गाडीचं म्हणून सांगितलं जातंय, ती गाडी अजून अस्तित्वात आहे का.

गाडी घडली कशी

बेंटली मोटर्स ही डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये काढलेली कंपनी. गाड्या उत्तम, हिशेब कायम तोट्यात. १९२६ मध्ये वुल्फ बार्नाटो तिचा अध्यक्ष झाला. बाप दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या आणि सोन्याच्या खाणींवर गबर झालेला, पोरगा पैशाने निर्धास्त आणि स्टिअरिंगवर विलक्षण थंड डोक्याचा. बार्नाटोने ले मान्समध्ये तीनदा भाग घेतला, १९२८, १९२९ आणि १९३०, आणि तिन्ही वेळा जिंकला. कंपनीचा अध्यक्ष स्वतःच्याच कंपनीची गाडी रात्रभर हाकतोय, हे चित्र आजच्या कुठल्या कार कंपनीबाबत डोळ्यासमोर आणून बघा.

स्पीड सिक्स म्हणजे साडेसहा लिटरच्या बेंटलीची तेज आवृत्ती. सहा सिलिंडर, ६,५९७ सीसी. शर्यतीच्या ट्यूनिंगमध्ये दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. जून १९२९ मध्ये ले मान्सला या गाडीच्या अंगावर १ नंबर होता. बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चोवीस तासांत साधारण २,८४४ किलोमीटर पळवली आणि जिंकली. पहिल्या चारही जागा बेंटलीच्याच होत्या. महिनाअखेरीला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरची सहा तासांची शर्यतही हिनेच मारली.

पुढच्या वर्षी पुन्हा ले मान्स. या खेपेला अंगावर नंबर ४, बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन, आणि समोर रुडॉल्फ काराचिओला आणि क्रिस्टियान वेर्नर यांची सुपरचार्जरवाली मर्सिडीज. मर्सिडीज रात्रीत दमली, बेंटली चालत राहिली. अंतर सुमारे २,९३० किलोमीटर. एकाच गाडीने लागोपाठ दोनदा ले मान्स जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

आता ‘एकाच गाडीने’ या शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच आहे. कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या म्हणजे काचेच्या कपाटातल्या मूर्ती नव्हेत. शर्यत झाली की गाडी सुटी करायची, थकलेलं काढायचं, नवं घालायचं. इंजिन बदललं, ॲक्सल बदलला, बॉडी बदलली, गरज पडली तर चासीची फ्रेमसुद्धा बदलली. बेंटलीच्या लंडनमधल्या क्रिकलवूडच्या शेडमधल्या मेकॅनिकला पुढची शर्यत दिसत होती. साठ वर्षांनी कुणी कोर्टात उभं राहून ‘हा बोल्ट कुठल्या सालचा’ असं विचारणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे १९२९ ची गाडी आणि १९३० ची गाडी कंपनीच्या हिशेबात एकच असली, तरी लोखंडाच्या हिशेबात ती एक नव्हती.

१९३० च्या विजयानंतर बेंटलीने शर्यतींतून अंग काढून घेतलं. जुलै १९३१ मध्ये कंपनीच बुडाली. नेपियर ही इंजिनं बनवणारी ब्रिटिश कंपनी ती विकत घेणार असं सगळे धरून चालले होते. पण ऐन वेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट या नावाने कुणीतरी जास्त बोली लावली, आणि त्या नावामागे रोल्स-रॉइस निघाली. सुमारे सव्वा लाख पौंडांत बेंटली गेली. त्या किमतीच्या जवळजवळ ऐंशी पट पैसे पुढे त्याच कंपनीच्या एका वापरलेल्या गाडीला लागले.

कंपनी गेली, पण ओल्ड नंबर वन बार्नाटोच्या हाताशी राहिली. १९३१ मध्ये जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जिंकली, सरासरी वेग ताशी ११८ मैलांवर. १९३२ साठी बार्नाटोने तिचं रूपच पालटलं. हे काम होतं वॉल्टर हॅसनकडे. पुढे जॅग्वारच्या इंजिनांमुळे नाव कमावलेला तो हाच. साडेसहा लिटरचं इंजिन निघालं, आठ लिटरचं, म्हणजे ७,९८३ सीसीचं आलं. चासी फ्रेम आली बेंटलीच्या चार लिटर मॉडेलची. हे चार लिटरचं मॉडेल म्हणजे बुडत्या कंपनीचा शेवटचा प्रयत्न, जेमतेम पन्नास गाड्या बनलेला. त्याची फ्रेम मात्र दणकट होती, कारण ती आठ लिटरवाल्या भावंडाचीच, लांबीला कमी केलेली.

२४ सप्टेंबर १९३२. पुन्हा ब्रुकलँड्स, पुन्हा पाचशे मैल. या खेपेला जॅकबरोबर त्याचा भाऊ क्लाइव्ह डनफी. अभिनेत्री जेन बॅक्स्टर त्याची बायको. ब्रुकलँड्सचा ट्रॅक सिमेंटचा, वळणावर भिंतीसारखा उभा चढत जाणारा. क्लाइव्ह वळणात फार वर गेला, चाक कडेवरून सुटलं आणि गाडी बांधाच्या पलीकडे झाडांत कोसळली. तो जागीच गेला.

बार्नाटोने गाडी टाकून दिली नाही. ती दुरुस्त झाली, पण शर्यतीसाठी नव्हे. तिच्यावर कूपे बॉडी चढली आणि ती रस्त्यावर फिरणारी गाडी झाली. पुढे मालक बदलत गेले, जसे कुठल्याही गाडीचे बदलतात. ओल्ड नंबर वन हे नाव मात्र या चासी नंबरासोबतच चालत राहिलं. दुसऱ्या कुठल्या गाडीने त्यावर हक्क सांगितला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, निकालात त्याचं वजन फार आहे. खटल्याच्या वेळी कूपे बॉडी केव्हाच उतरलेली होती आणि अंगावर ले मान्सच्या वळणाची उघडी बॉडी होती.

१९९० सालचा बाजार

जुन्या गाड्यांच्या किमती १९८७ पासून वेड्यासारख्या चढत होत्या. जपानमध्ये जमिनीचा आणि शेअरचा फुगा टम्म फुगलेला, आणि तिथला पैसा चित्रांत, घोड्यांत, फेरारीत आणि बेंटलीत वाहत होता. मिडलब्रिजच्या मागेही जपानी पैसाच होता. रिलायंट सिमिटार या स्पोर्ट्स कारचे हक्क विकत घेऊन ती नव्याने बनवायला निघालेली ही कंपनी.

आणि मग वारं फिरलं. टोकियोचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या शेवटच्या दिवसांत शिखरावर होता, जानेवारीपासून घसरला. इंग्लंडमध्ये बँकेचा मूळ व्याजदर १५ टक्क्यांवर होता. १९९० च्या वसंतात एक कोटी पौंडांचा शब्द दिलेल्या माणसाला उन्हाळ्यात तो शब्द गळ्यातल्या धोंड्यासारखा वाटू लागला तर नवल नाही. गाडीच्या अस्सलपणाबद्दल शंका घेण्याची बुद्धी बाजार पडल्यावर फार जणांना होते, हा सोन्याच्या पेढीपासून फ्लॅटच्या बुकिंगपर्यंत सगळीकडचा अनुभव आहे. पण हेतू कसाही असो, आक्षेप खरा असू शकतो. कोर्टाला आक्षेप तपासायचा होता.

आक्षेपाचं मूळ साधं आहे. माल जसा सांगितला तसा असला पाहिजे, नाहीतर घेणाऱ्याला तो नाकारता येतो. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ हेच सांगतं, आणि ते इंग्लिश कायद्यावरूनच बेतलेलं आहे. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून विकली, पण ती ओल्ड नंबर वन नसेल तर करार टिकत नाही. दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ उभे राहिले. मग गाडी नटबोल्टपर्यंत कोर्टात उघडली गेली.

सुट्या भागांची साक्ष

जे निघालं ते ऐकून कुणीही चपापेल. १९२९ मध्ये ले मान्स जिंकलेल्या गाडीतलं नक्की म्हणता येईल असं जवळजवळ काही नाही. काही किरकोळ फिटिंग्ज असतीलही, पण त्यांचं साल ठरवणं अशक्य. १९३० च्या विजेत्या गाडीतलं काय? पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम. बस्स. एवढी यादी पानवाल्याच्या चिठ्ठीवर मावेल.

१९३२ पासूनचं मात्र बरंच सापडलं. चार लिटरची चासी फ्रेम, मूळ असो की दुरुस्त केलेली. पाटे, शॅकल आणि त्यांचे माउंटिंग. पुढचा ॲक्सल बीम, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग, मागचे ब्रेक, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर. आठ लिटरचं इंजिन. डॅशबोर्डवरची काही घड्याळं. म्हणजे ज्या गाडीत क्लाइव्ह डनफी गेला ती आजही बऱ्यापैकी तीच आहे. ज्या गाडीत बार्नाटो जिंकला ती मात्र पेडल-शाफ्टपुरती उरली आहे.

मिडलब्रिजच्या बाजूने विचार केला तर त्यांचं म्हणणं अजिबात हास्यास्पद नाही. एक कोटी पौंड कशासाठी? ले मान्सच्या दोन विजयांसाठी. मग ज्या फ्रेमवर आणि ज्या इंजिनावर ते विजय मिळाले, ती फ्रेम आणि ते इंजिन कुठे आहे? नाही. तर मग आम्ही विकत काय घेतोय? एखाद्या गावातल्या मिस्त्रीलाही हा प्रश्न पटेल. आपल्याकडे गाडी घेताना माणूस आरसी बुक हातात धरून बोनेट उघडतो आणि इंजिन नंबर, चासी नंबर जुळतोय का ते बघतो. जुळला नाही तर पाठ फिरवतो.

हा प्रश्न आपल्या मातीत दोन हजार वर्षं जुना आहे. राजा मिलिंद रथातून भिक्खू नागसेनांना भेटायला येतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतात: महाराज, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळं एकत्र म्हणजे रथ? तेही नाही. या सगळ्यावरून ‘रथ’ हे नाव पडतं, एवढंच. नागसेनांना रथ विकायचा नव्हता, त्यामुळे ते तिथे थांबू शकले. न्यायमूर्ती ऑटन यांना थांबता येणार नव्हतं, त्यांच्यापुढे किंमत लावलेला करार होता.

न्यायमूर्तींनी काय केलं

त्यांनी एकच मोठा प्रश्न सोडवायचा नाद धरला नाही. ‘ही तीच गाडी आहे का’ या प्रश्नाचे त्यांनी तुकडे केले आणि एकेक लेबल गाडीला लावून बघितलं. मला या निकालातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण जुन्या वस्तूंच्या बाजारात हीच लेबलं सैलपणे, एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

गाडी ‘मूळ’ आहे का? नाही. मूळ म्हणजे कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी, तेच भाग असलेली. ओल्ड नंबर वन त्या अर्थाने मूळ नाही, आणि १९३० मध्येसुद्धा ती तशी नव्हती. ‘जवळजवळ मूळ’ हा मधला मार्गही त्यांनी नाकारला.

प्रतिकृती आहे का? नाही. प्रतिकृती म्हणजे एका गाडीवरून बेतलेली दुसरी गाडी. इथे दुसरी गाडी कधी नव्हतीच.

मेलेली गाडी पुन्हा जिवंत केली असं म्हणावं का? तेही नाही, कारण ती कधी नाहीशी झाली नव्हती. १९२९ पासून पुढे कुठल्याही वर्षी विचारलं असतं, ओल्ड नंबर वन कुठे आहे, तर बोट दाखवायला एक गाडी होती. शर्यतीत, दुरुस्तीत, अपघातानंतर शेडमध्ये किंवा कूपे होऊन रस्त्यावर. सुट्या भागांच्या ढिगातून नव्याने बांधलेली, हे लेबलही याच कारणासाठी गळून पडलं.

मग उरतं काय? अस्सल. न्यायमूर्तींच्या मते ही गाडी अस्सल ओल्ड नंबर वन आहे, कारण तिचा इतिहास अखंड आहे. भाग बदलले, पण टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या गाडीत मिसळून गेला. असा एकही क्षण आला नाही की एक गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली. वरच्या दर्जाच्या शर्यतींत तिने सलग चार हंगाम काढले. दोन ले मान्स जिंकल्याची गोष्ट तिच्या ओळखीचाच भाग होती आणि ती ओळख कुठेही गळली नाही. शिवाय, आज असलेली किंवा कधीकाळी असलेली दुसरी कुठलीही बेंटली या नावावर न्याय्य दावा करू शकत नाही. ७ एप्रिलला विक्रीला होतं ते नुसतं लोखंड नव्हतं. त्याबरोबर हा इतिहास आणि हे नावही होतं.

निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. करार पाळणं घेणाऱ्यांवर बंधनकारक ठरलं.

या निकालावर कुरकुर करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. माझं मत सांगायचं तर मला तो पटतो, एका अटीवर. समजा, १९३२ मध्ये हॅसनने काढून ठेवलेली साडेसहा लिटरची फ्रेम आणि इंजिन कुणीतरी जपून ठेवलं असतं आणि १९८० च्या दशकात त्यांवर गाडी उभी केली असती. तिच्या लोखंडाने ले मान्स जिंकलेलं, हिच्या नावाने जिंकलेलं. मग दोन दावेदार समोरासमोर आले असते आणि अखंड इतिहासाचा मुद्दा इतका निवांतपणे चालला नसता. ऑटन यांच्या निकालाचा पाया मजबूत आहे तो दुसरा दावेदार नसल्यामुळे. ज्या गाड्यांच्या बाबतीत असे दोन-दोन दावेदार आहेत, आणि शर्यतीच्या जुन्या गाड्यांत ते अधूनमधून निघतात, तिथे हा निकाल तोंडावर फेकून वाद मिटत नाही.

दुसरं, अस्सल म्हणजे एक कोटींचीच, असं निकाल म्हणत नाही. गाडी सांगितली तीच आहे, एवढंच कोर्टाने ठरवलं. तिच्यात १९३० चं किती उरलंय, हे घेणाऱ्याने सौद्याआधी विचारायचं असतं आणि त्यानुसार भाव करायचा असतो. पेडलच्या शाफ्टला एवढे पैसे द्यायचे की नाही हा बाजाराचा प्रश्न.

त्याच मालकाची दुसरी गाडी

बार्नाटोच्याच दुसऱ्या एका स्पीड सिक्सची कथा बरोबर उलटी आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की ओल्ड नंबर वनचा निकाल जास्त स्पष्ट होतो.

मार्च १९३० मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कान शहरात बार्नाटोने पैज लावली: ‘ब्लू ट्रेन’ ही आलिशान रेल्वे उत्तरेतल्या कॅले बंदराला पोचायच्या आत मी माझ्या गाडीने लंडनमधल्या क्लबात असेन. पैज शंभर पौंडांची. रात्रभर पाऊस आणि धुक्यातून गाडी हाकत, मध्ये टायर फुटलेला सोसत, इंग्लिश खाडी बोटीने ओलांडून तो दुपारी लंडनला पोचला. रेल्वे कॅलेला लागायला अजून चार मिनिटं होती.

त्यानंतर कित्येक दशकं लोक ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हणून जिचे फोटो छापत होते ती होती गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली कूपे. छप्पर खाली बसलेलं, मागचा भाग उतरता, नजर न हटणारी. (हीच गर्नी नटिंग कंपनी, जिने पुढे इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्युसेनबर्गची बॉडी बांधली.) चित्रकारांनी तिला रेल्वेच्या शेजारून पळताना रंगवलं. बेंटली कंपनीने स्वतः २००५ मध्ये तिच्या आठवणीत खास मालिका काढली. आणि कागद बघितले तर ही कूपे बार्नाटोच्या ताब्यात आली मे १९३० मध्ये, शर्यतीनंतर दोन महिन्यांनी. त्या रात्री बार्नाटोने पळवली होती ती एच. जे. मलिनरच्या बॉडीची सेडान. चौकोनी, शहाणी, फोटोला अजिबात न देखणी.

म्हणजे कूपेच्या लोखंडावर शंका घ्यायला जागा नाही, ती गर्नी नटिंगची आहे आणि बार्नाटोची आहे. तिची गोष्ट तेवढी चुकीची. ओल्ड नंबर वनचं लोखंड बदललेलं, पण गोष्ट बरोबर, वर्षावर वर्ष जुळणारी. कोर्टात उभी राहिली असती तर ‘ब्लू ट्रेन’ या नावाने विकलेली कूपे पडली असती असं मला वाटतं, आणि तीसुद्धा एकही बोल्ट बदललेला नसताना. तरी गंमत बघा, लोकांच्या डोक्यातली ब्लू ट्रेन अजूनही कूपेच आहे. देखणेपणापुढे डिलिव्हरीची तारीख कोण बघतो.

आपल्या आरटीओत काय झालं असतं

भारतात १९९० मध्ये अशा गाड्यांसाठी वेगळा कायदाच नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि व्हिंटेज गाडीची व्याख्या आली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, आणि तीही मूळ रूपात ठेवलेली. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल होईल असं मोठं काम झालेलं नको. अट पूर्ण झाली तर वीस हजार रुपये भरून नोंदणी होते आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

ओल्ड नंबर वनला या नियमाची मोजपट्टी लावा. चासीची फ्रेम बदललेली. इंजिन साडेसहाचं आठ लिटर झालेलं. बॉडी शर्यतीची, मग कूपे, मग पुन्हा उघडी. अट शब्दशः धरली तर तिन्ही ठिकाणी नापास. लंडनच्या कोर्टात जी एक कोटी पौंडांची अस्सल गाडी ठरली, ती आपल्या नियमात व्हिंटेजच्या खिडकीवरून परत गेली असती. नियम लिहिणाऱ्यांनी बहुधा फसवणूक डोळ्यापुढे ठेवली असावी, जुन्या चासीवर जीपचं इंजिन आणि पत्र्याची नवी बॉडी ठोकून ‘महाराजांची गाडी’ म्हणून खपवणारे. त्यांना आवर घालायचा तर हे कलम ठीक आहे. पण संस्थानी काळातल्या कितीतरी गाड्यांची बॉडी विलायतेतून आल्यावर इथल्या मिस्त्रींनी बदलली. शिकारीसाठी छप्पर कापलं, सुटे भाग मिळेनात म्हणून दुसरं इंजिन बसवलं. तो बदलही आता ऐंशी-नव्वद वर्षांचा झाला.

अशी गाडी कुणाकडे असेल तर ऑटन यांनी जे तपासलं तेच कागदावर मांडून ठेवावं. कुठल्या साली काय निघालं, कुणी काढलं, त्या जागी काय बसलं, तेव्हा मालक कोण होता, आणि त्या प्रत्येक टप्प्याचा फोटो, बिल किंवा आरसीवरची नोंद. काढलेलं इंजिन गोठ्यात पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नये. आज ना उद्या ते कुणाच्या तरी चासीवर चढेल, आणि मग ‘खरी गाडी माझीच’ म्हणणारा दुसरा माणूस दारात उभा राहील.